बिनतारी दार आणि त्याचा शेजारधर्म

दार उघडणें ही गोष्ट आपणांस इतकी सोपी वाटते कीं, तिच्याविषयीं विचार करण्याचें आपल्या मनांत कधीं येत नाहीं. मूठ फिरवावी, ढकलावें आणि आंत जावें, झालें. परंतु जो मनुष्य चाकांच्या खुर्चींत बसून हिंडतो, ज्याच्या हातांत बळ नाहीं, किंवा ज्याचे दोन्ही हात कुबड्यांत गुंतलेले आहेत, त्याला जड दार म्हणजे भिंतच होय. अलीकडे तो, पलीकडे शाळा, दवाखाना किंवा टपालकचेरी. आणि कोणी दयाळू वाटसरू येईपर्यंत वाट पाहणें एवढेंच त्याच्या हातीं. दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून न राहतां अशा माणसाला आंतबाहेर करतां यावें, म्हणून आपोआप दार उघडणारें यंत्र निघालें. त्याची कळ भिंतीवर बसविलेली असते, किंवा खुर्चीच्या हाताला बांधलेली असते. ती दाबली कीं दारावरची मोटर फिरते व दार सावकाश उघडतें. पुष्कळ ठिकाणीं कळ आणि मोटर यांच्यामध्यें तार नसते. निरोप नेण्याचें काम बिनतारी लहरी करतात.

ही कळ बाजारांत येण्यापूर्वीं तिची एक परीक्षा होते. ती कां होते, कशी होते, आणि उत्तीर्ण झालेल्या कळीनें नक्की काय सिद्ध केलें असें समजावें, हें आम्ही या लेखांत सांगणार आहों. नियम देशोदेशीं निराळे आहेत. आम्ही येथें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धत घेतली आहे. कारण तेथें अशीं दारें पुष्कळ असून त्यांचे नियम आंकड्यांनिशीं छापलेले आहेत. तेथें १९९० सालीं अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. त्याखालील नियमांप्रमाणें इमारतीच्या आंतील साधें बिजागरीचें दार उघडण्यास २२.२ न्यूटनपेक्षां, म्हणजे सुमारें सव्वादोन किलो वजनाच्या भारापेक्षां, अधिक जोर लागतां कामा नये. आग अडविणाऱ्या दारांस ही मर्यादा नाहीं. जेथें दार जड, किंवा माणसाचा हात दुबळा, तेथें मोटर उपयोगी पडते.

आतां लहरींकडे वळूं. पाण्यांत खडा टाकला असतां लाटा उठतात, तशा विद्युत्प्रवाह फार जलद मागेंपुढें हलविला असतां अवकाशांत लहरी उठतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यानें १८८८ सालीं त्या प्रयोगानें दाखविल्या. म्हणून सेकंदास एक कंपन या मापास त्याचेंच नांव मिळालें. सेकंदास दहा लक्ष कंपनें म्हणजे एक मेगाहर्ट्झ. अमेरिकेंत दारांच्या पुष्कळ कळा ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात. म्हणजे त्यांच्या लहरी एका सेकंदांत ३१ कोटि ५० लक्ष वेळां कंप पावतात. अशा एका लहरीची लांबी सुमारें ९५ सेंटिमीटर भरते.

कळीचा निरोप दारापुरता असला, तरी लहर दाराशीं थांबत नाहीं. ती भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या घरांत जाते, रस्त्यावर जाते, आकाशांत जाते. त्याच आकाशांत विमानांना धांवपट्टी दाखविणाऱ्या खुणा, रुग्णवाहिकांचीं बोलणीं, बुडत्या जहाजांच्या हांका आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण लहरी एकाच वेळीं चाललेल्या असतात. एका चाळींत अनेक बिऱ्हाडें सुखानें नांदावयाचीं असतील, तर प्रत्येकानें आपला आवाज आवरला पाहिजे. आकाश ही अशीच एक मोठी चाळ आहे.

हा आवाज आवरण्याचें काम अमेरिकेंत १९३४ सालीं स्थापन झालेल्या संघीय संपर्क आयोगाकडे आहे. अगदीं अल्प शक्तीच्या यंत्रांना परवान्यावांचून चालूं देण्याची मुभा या आयोगानें १९३८ सालीं प्रथम दिली. आज ती त्याच्या नियमावलीच्या पंधराव्या भागांत आहे, आणि तिला दोन अटी जोडलेल्या आहेत. पहिली अट अशी कीं, यंत्रानें दुसऱ्यास अपायकारक व्यत्यय आणूं नये. दुसरी अशी कीं, दुसऱ्याकडून येणारा व्यत्यय, त्यामुळें आपलें काम बिघडलें तरी, सोसावा. कोणास त्रास देऊं नये, आणि स्वतःस झालेल्या त्रासाबद्दल तक्रार करूं नये, असा हा करार आहे. हीं दोन कलमें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. लेखाच्या शेवटीं त्यांची पुन्हां गरज पडेल.

पहिली अट पाळली जाते कीं नाहीं, हें मोजून ठरवितात. कळीपासून तीन मीटरांवर तिच्या विद्युत् क्षेत्राची तीव्रता किती, हें पाहतात. तिचें माप मायक्रोव्होल्ट दर मीटर. नियम सांगतो कीं, २६० मेगाहर्ट्झला ही तीव्रता ३,७५० पर्यंत व ४७० मेगाहर्ट्झला १२,५०० पर्यंत चालेल. मधल्या कंपनसंख्यांसाठीं त्रैराशिक करावें. आमच्या विद्यार्थ्यांस हें सहज जमेल. २१० मेगाहर्ट्झांत ८,७५० ची वाढ होते. ३१५ ही संख्या २६० च्या पुढें ५५ आहे. म्हणून वाढ सुमारें २,२९२. ती ३,७५० मध्यें मिळविली म्हणजे ६,०४२ येतात. हीच ३१५ मेगाहर्ट्झच्या कळीची लक्ष्मणरेषा.

मोजणी एका खास खोलींत होते. तिच्या भिंती धातूच्या असतात, म्हणजे बाहेरचीं रेडिओ केंद्रें आंत ऐकूं येत नाहींत. भिंतींना आंतून लहरी शोषून घेणारे, फेंसासारख्या हलक्या पदार्थाचे टोंकदार सुळके लावलेले असतात, म्हणजे लहर भिंतीवर आपटून परत येत नाहीं व मोजमाप फसत नाहीं. ८० सेंटिमीटर उंचीच्या टेबलावर कळ ठेवतात. टेबल जात्याप्रमाणें गरगर फिरतें. समोरची अँटेना एक मीटरापासून चार मीटरांपर्यंत वरखालीं सरकते, आणि एकदां उभी, एकदां आडवी धरून मोजणी होते. हातांतील कळ कोणी कशीही धरील, म्हणून तीहि उभी, आडवी व कुशीवर अशी तिन्ही प्रकारें ठेवून पाहतात. बॅटरी नवी घालतात. हा सारा खटाटोप एवढ्याचसाठीं कीं, कळीचा सर्वांत मोठा आवाज कोणत्या बाजूनें निघतो तें सांपडावें. परीक्षक येथें उमेदवाराचा चांगला दिवस शोधीत नाहीं. त्याचा वाईट दिवस शोधतो.

यांत एक खुबी आहे. कळ सतत ओरडत नाहीं. ती 'आहे, नाहीं, आहे, आहे, नाहीं' अशा तुटक ठोक्यांनीं आपली सांकेतिक खूण पाठविते, म्हणजे शेजारच्या कळीनें आपलें दार उघडत नाहीं. म्हणून नियमांत सरासरी धरली आहे. समजा, ठोका चालूं असतां तीव्रता १०,००० भरली, आणि शंभर सहस्रांश सेकंदांपैकीं एकंदर पन्नासच सहस्रांश ठोके चालूं होते. तर सरासरी ५,००० झाली व कळ उत्तीर्ण. पण ठोके ऐंशी सहस्रांश चालूं राहिले, तर सरासरी ८,००० होऊन तीच कळ नापास. अर्थात् केवळ बळ कमी करणें हाच एक उपाय नव्हे. थोडक्यांत बोलणें हाहि उपाय आहे. शिवाय बोट उचलल्यापासून पांच सेकंदांच्या आंत कळीनें आपोआप गप्प झालें पाहिजे, असा निराळा नियम आहे. तो कां आहे, हें पुढें दिसेल.

परीक्षेचा अवघड भाग अजून राहिला. तंबोऱ्याची तार छेडली असतां मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म स्वरहि उमटतात. गायनाची आवड असलेल्या वाचकांस हें ठाऊक असेल. कळीचेंहि तसेंच. ३१५ बरोबर ६३०, ९४५, १,२६० असे तिचे उपस्वर निघतात, आणि दसपटीपर्यंत ते तपासावे लागतात. आतां पांचपट करून पाहा: १,५७५. जी. पी. एस. नांवाची जी उपग्रहयोजना जहाजांना, विमानांना व आपल्या खिशांतील फोनलाहि आपण कोठें आहों तें सांगते, तिची मुख्य लहर १,५७५.४२ मेगाहर्ट्झवर आहे. सुमारें २०,००० किलोमीटर उंचीवरून येणारी ती लहर पृथ्वीवर पोंचतांना कुजबुजीहून क्षीण झालेली असते. म्हणून १,४३५ पासून १,६२६.५ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा राखीव ठेवला असून, तेथें कळीचा उपस्वर तीन मीटरांवर ५०० मायक्रोव्होल्टांवर जातां कामा नये. विमान उतरतांना वैमानिकास उताराचा योग्य कोन दाखविणाऱ्या लहरींचा पट्टाहि, म्हणजे ३२८.६ ते ३३५.४ मेगाहर्ट्झ, असाच राखीव आहे; आणि तो ३१५ पासून फार दूर नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कळीसाठीं इतकी कडक परीक्षा कशाला? त्याचें उत्तर घडलेल्या गोष्टींनीं द्यावें हें बरें. २००४ सालच्या ऑक्टोबरांत ऑरेगन संस्थानांतील कोर्व्हॅलिस गांवीं एक दूरचित्रवाणी संच १२१.५ मेगाहर्ट्झवर लहरी टाकूं लागला. ही संकटसूचनेची ठरलेली कंपनसंख्या असून त्या काळीं तिच्यावर उपग्रहांचे कान असत. उपग्रहानें ती हांक ऐकली, आणि संकटांत सांपडलेल्यांस शोधावयास निघालेलीं माणसें एका साध्या घराच्या दारांत येऊन उभीं राहिलीं. त्याच वेळीं खरोखरीच एखादें विमान पडलें असतें तर?

दुसरी गोष्ट २०१९ च्या वसंतांतील. ओहायो संस्थानांत नॉर्थ ओल्मस्टेड नांवाचें उपनगर आहे. तेथील कांहीं गल्ल्यांत मोटारींच्या किल्ल्या व मोटारघरांच्या दारांच्या कळा एकाएकीं निकामी झाल्या. लोक आठवड्यांमागून आठवडे बुचकळ्यांत पडले. अखेर ३१५ मेगाहर्ट्झवरची एक जोरकस लहर हुडकीत शोधक एका घरीं पोंचले. तेथील गृहस्थानें, आपण तळघरांत काम करीत असतां वरच्या मजल्यावर कोणी आलें तर कळावें, म्हणून स्वतःच एक बॅटरीचें यंत्र बनविलें होतें. तें अहोरात्र लहरी सोडीत होतें. त्याच्या मनांत वाईट कांहींच नव्हतें. आपण शेजाऱ्यांचीं दारें अडविलीं आहेत हें त्याला ठाऊकहि नव्हतें. बॅटरी काढतांच सारीं दारें पूर्ववत् उघडूं लागलीं. पांच सेकंदांत गप्प होण्याचा नियम कशासाठीं आहे, तें वाचकांस आतां सांगावयास नको. जो त्रास देतो तो दुष्टच असतो असें नाहीं. पुष्कळदां त्यानें स्वतःस मोजून पाहिलेलें नसतें, इतकेंच.

आतां त्या दोन अटींपैकीं दुसरी आठवावी. परीक्षेंत उत्तीर्ण होऊन कळीवर क्रमांक छापला गेला, म्हणजे काय सिद्ध झालें? ती दुसऱ्यास त्रास देणार नाहीं, एवढेंच. तिच्यानें दार नेहमीं उघडेल, असें सिद्ध झालें नाहीं. २००४ सालीं फ्लोरिडांतील एग्लिन हवाई तळाच्या परिसरांत हाच अनुभव आला. सैन्यानें ३८० ते ३९९.९ मेगाहर्ट्झच्या आपल्या पट्ट्यांत नवीं बिनतारी यंत्रें सुरू केलीं, आणि ३९० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मोटारघरांच्या कळा आसपासच्या घरांतून काम देईनाशा झाल्या. पट्टा सैन्याचा होता. कळा केवळ मुभेनें तेथें राहत होत्या. करारच तसा होता.

मोटारघराचें दार उघडलें नाहीं, तर मालक खालीं उतरून तें हातानें उघडील. पण खुर्चींत बसलेल्या माणसानें काय करावें? कायदा आकाशाला कळीपासून वांचवितो. त्या माणसाला आकाशांतील गोंधळापासून वांचविणें हें मात्र कारखानदाराचें व इमारत चालविणाऱ्याचें काम उरतें. त्यांनीं बिनतारी कळीच्या जोडीला तारेनें जोडलेली एक कळ ठेवावी. बॅटरी वेळेवर बदलावी. वीज गेली तरी दार हातानें बेताच्या जोरानें उघडेल असें पाहावें. आणि बसविल्यावर, तेथें जीं इतर यंत्रें चालतात तीं सर्व चालूं ठेवून, खुर्चींत बसूनच दाराची परीक्षा घ्यावी. प्रयोगशाळेंतील परीक्षा आवश्यक आहे, पण ती अर्धीच आहे.

आपल्या देशांतहि हा विषय आतां परका राहिलेला नाहीं. २०१६ सालीं संमत झालेल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें सार्वजनिक इमारती त्यांना सुगम करण्याचें बंधन घातलें आहे. अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं भारतांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झसारखे कांहीं पट्टे परवान्यावांचून मोकळे आहेत. एका देशांत उत्तीर्ण झालेली कळ दुसऱ्या देशांत आपोआप उत्तीर्ण ठरत नाहीं. अशा मापनाचें काम आपल्याकडेहि चालतें. १९८४ सालीं स्थापन झालेली मुंबईची समीर ही संस्था तें करणाऱ्या संस्थांपैकीं एक होय.

विद्यार्थिमित्रहो, पुढें तुमच्यापैकीं कोणी अशीं यंत्रें बनवील, कोणी इमारती बांधील, कोणी त्या चालवील. त्या वेळीं या कळीचा धडा आठवावा. ती थोडक्यांत बोलते, काम होतांच गप्प बसते, आणि आपला आवाज शेजाऱ्याकडे किती पोंचतो हें आधीं मोजून घेते. हा तिचा शेजारधर्म झाला. पण तिच्या भरंवशावर दारापुढें जो थांबला आहे, त्याच्यासाठीं दार खरोखर उघडतें कीं नाहीं, हें पाहणें आपणांकडे आहे. उद्यां एखाद्या दवाखान्याच्या दारांत अशी कळ दिसली, तर पालकांनीं व मुलांनीं ती एकदां दाबून पाहावी. आणि दार हललें नाहीं, तर आपण हातानें उघडून निघून न जातां आंत जाऊन तसें सांगावें. आपल्या मागून येणाऱ्याला कदाचित् तें हातानें उघडतां येणार नाहीं.