बोडीचे पाणी आणि माशांचे मरण

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पाण्याच्या रसायनावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण मी भंडारा जिल्ह्यातल्या ढिवर घरातला. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. आमची चूल गावच्या बोडीवर पेटते. एका रात्रीत मासे मेले की ‘कुणीतरी विष कालवले’ असा संशय उठतो आणि जन्माचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. पुष्कळदा हे विष बोडीतच तयार झालेले असते, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

मासा आपली घाण मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य, शेण आणि मेलेले शेवाळ कुजूनही अमोनियाच होतो. पाण्याचा सामू आणि उष्णता वाढली की त्याचा विषारी भाग वाढतो. म्हणून उन्हाळ्यातली दुपार वाईट.

निसर्गाने यावर तोड ठेवली आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. हे कोडे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने उलगडले. नायट्रेट माशांना फारसे बाधत नाही. ते शेवाळाचे अन्न होते. मधले नायट्राइट मात्र रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते. अशा माशाचे रक्त तपकिरी दिसते.

या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. रात्री शेवाळसुद्धा श्वास घेते, त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर विष टाकणाऱ्याचा शोध नंतर घ्यावा. आधी पंपाने पाणी उंचावरून पाडावे, शेण व खाद्य बंद करावे आणि जमल्यास थोडे ताजे पाणी सोडावे.

खरा उपाय मात्र आधीचा आहे. बोडी आटली की तळाचा काळा गाळ काढावा, तळ भेगा पडेपर्यंत वाळवावा आणि हेक्टरी साधारण २०० ते २५० किलो चुना टाकावा. चुन्याने आम्लता कमी होते. पण अमोनिया चढलेला असताना चुना टाकणे म्हणजे आगीत तेल ओतणे. कारण चुन्याने सामू वाढतो. नायट्राइट वाढले असेल तर लहान तळ्यात मीठ उपयोगी पडते. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. त्यातला एक दिवस बोडीला द्यावा, पहाटे आणि दुपारी पाणी तपासावे व आकडे सोसायटीच्या फळ्यावर लिहावेत. आकडे डोळ्यांसमोर असले, की शेजाऱ्यावर बोट दाखवण्याआधी माणूस दोनदा विचार करील.