बेल्टची घाई

पालकहो,

ग्रेडिंगची, म्हणजे बेल्टच्या परीक्षेची, तारीख ग्रुपवर टाकली की माझा फोन वाजायला लागतो. ‘मॅडम, या वेळी ऑरेंज मिळेल ना? तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या क्लासमध्ये केव्हाच ग्रीन मिळाला.’ मिळाला असेल. पट्टा तर खेळाच्या सामानाच्या दुकानात कोणालाही मिळतो.

ज्या शोतोकान पद्धतीचं कराटे मी शिकवते, ती फुनाकोशी गिचिन यांची. ओकिनावातले शाळामास्तर. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून कराटे जपानभर पसरलं. शिष्यांना पहिले ब्लॅक बेल्ट त्यांनी १९२४ मध्ये दिले, तेही ज्यूदोतली पद्धत उचलून. ते स्वतः शिकत होते तेव्हा कराटेत पट्टे नव्हतेच. रात्री गुरूंच्या परसात जायचं आणि एकच काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, महिनोन्महिने करायचा; गुरूंचं समाधान झाल्याशिवाय पुढचा नाही.

तुमची मुलं पहिला काता शिकतात तो हेइआन शोदान. त्यात २१ हालचाली. चुणचुणीत मूल काही आठवड्यांत क्रम पाठ करतं, घरी पाहुण्यांसमोर करूनही दाखवतं आणि तुम्हाला वाटतं, झालं की! खरं काम तिथून सुरू होतं. पुढचा गुडघा वाकलेला हवा, मागची टाच जमिनीला टेकलेली. ठोसा मारताना खांदा वर जाता कामा नये, दुसरी मूठ कमरेशी यायला हवी. आठ वर्षांच्या मुलाकडून तेच ते पुन्हा पुन्हा करून घ्यायचं आणि तरी पुढच्या वेळी त्याला क्लासला यावंसं वाटलं पाहिजे. माझ्या कामातलं सगळ्यात अवघड हेच. उड्या आणि हवेतल्या किक शिकवल्या तर वर्ग आनंदाने भरेल, तुम्हाला व्हिडिओही छान मिळतील. पण पाया कच्चा राहिलेलं मूल पुढे कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, उभं राहतं तेव्हा सगळं उघडं पडतं.

म्हणून ग्रेडिंगमध्ये मी कुणाला थांबवलं तर रागावू नका. मूल बहुतेक दोन दिवसांत विसरतं. आईबाबा विसरत नाहीत, आणि मग त्यालाही विसरू देत नाहीत.

अजून एक. ‘शाळेत कोणी त्रास दिला तर ठेवून दे एक, कराटे शिकतोस ना!’ हे हॉलच्या दारातच माझ्या कानावर येतं. पण हेइआन मालिकेतले पाचही काता ब्लॉकने, म्हणजे वार अडवण्याने, सुरू होतात, ठोशाने नाही. कुमितेच्या स्पर्धेतही ठोसा चेहऱ्यावर जोरात बसला तर गुण मिळत नाही, उलट दंड होतो. मारकुटा म्हणून शाळेतून तक्रारी येणारी मुलं माझ्याकडे येतात. त्यातल्या एखाद्याची मूठ पूर्ण वेगाने जाऊन समोरच्याच्या नाकाआधी थांबते, तो स्वतःच चकित होऊन माझ्याकडे बघतो, आणि मला त्या महिन्याचा पगार तिथेच मिळतो. (हॉलचं भाडं मात्र वेगळं द्यावं लागतं.)

याच्या उलट, आईच्या ओढणीमागे लपून येणारीही असतात. त्यांना मी लगेच लढायला उभं करत नाही, मोजायला सांगते. इची, नी, सान, शी, गो. सुरुवातीला ओठ नुसते हलतात. मग कधीतरी त्याच आवाजावर अख्खी रांग ठोसे मारते. त्यासाठी वेगळा पट्टा नाही, म्हणून ते तुमच्या लक्षात येत नाही. बाकावरून ‘हात सरळ कर, पाय बघ’ अशा सूचना देण्यापेक्षा हे बघत जा. त्या सूचनांनी मूल काता विसरतं, कारण त्याला कुणाचं ऐकावं कळत नाही.

शेवटी दहावीचं. दर वर्षी जूनमध्ये निरोप येतात, ‘बोर्डाचं वर्ष आहे, मॅडम, थांबवतोय.’ मुलांपेक्षा मुलींच्या बाबतीत जास्त, आणि त्या बहुतेक परत येत नाहीत. वर्षानुवर्षं घाम गाळून ब्राऊनपर्यंत आलेली मुलगी अशी सोडून जाते तेव्हा मला वाईट वाटतं. अभ्यास महत्त्वाचाच, त्यात वाद नाही. पण निर्णय घेण्याआधी तिला विचारा आणि मग माझ्याशी बोला. आठवड्यातून एकदा, रविवारी तासभर आली तरी चालेल. फीचं आपण बघून घेऊ.