अनुपानार्थ नवनीत : कोणते व का?

प्रास्ताविक

व्यवस्थापत्रावर 'लोण्याबरोबर' हा शब्द आपण सर्वच वैद्य सहजपणे लिहितो. मधाबाबत जुना की नवा, तुपाबाबत गाईचे की म्हशीचे, हे रुग्णाला सांगण्याची सवय बहुतेकांना असते. लोण्याबाबत मात्र तसे होत नाही. लोणी म्हणजे लोणी, ते रुग्णास ठाऊकच आहे, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक आमच्या व्यवसायात एकदा आम्हाला चांगलेच नडले. त्या निमित्ताने ग्रंथ पुन्हा उघडले, निरनिराळ्या प्रकारचे लोणी समोर ठेवून तपासले, आणि त्यातून एकाची निवड केली. तो अभ्यास वैद्यबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

निमित्त

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे आमचे व्यवसायाचे गाव. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर, गुजरातच्या सीमेलगत ते वसले आहे. रुग्ण बहुतांशी शेतकरी, शेतमजूर व आदिवासी बांधव. काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक शेतमजूर रक्तार्शाची तक्रार घेऊन आले. गुदपरीक्षण केले, रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले. या भागात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने पांडुता दिसली की ती तपासणीही आम्ही करून घेतो. ती निर्दोष आली. चरकांनी अर्शचिकित्साध्यायात सांगितल्याप्रमाणे नागकेशर, लोणी व खडीसाखर असा प्रयोग सुरू केला.

तीन आठवडे उलटले तरी रक्तस्राव थांबेना. नागकेशरात भेसळ फार, म्हणून प्रथम संशय औषधावर घेतला व दुसरीकडून खात्रीचे नागकेशर आणविले. तरीही उतार नाही. शेवटी एके दिवशी लोणी कोठून आणता, असे विचारले. ते म्हणाले, "साहेब, दुकानातून आणतो ना, पिवळं, कागदातलं. घरी कुठे गाय आहे आपल्याकडे?" म्हणजे रक्तार्शाच्या रुग्णास आम्ही दिवसातून दोन वेळा मीठ घातलेले लोणी देत होतो. रक्तपित्तप्रकोपात लवणरस वर्ज्य करावा, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. दोष रुग्णाचा नव्हता व दुकानदाराचाही नव्हता. लोणी कोणते, हे न लिहिणाऱ्या वैद्याचा होता.

संहितोक्त विचार

'नवनीत' या शब्दातच त्याचे मुख्य लक्षण आले आहे. नव म्हणजे ताजे, नीत म्हणजे काढून आणलेले. 'हैयंगवीन' हा शब्दही या संदर्भात लक्षणीय आहे. आदल्या दिवशी काढलेल्या दुधापासून केलेल्या तुपाला अमरकोशात हे नाव आहे. दूध कोणत्या दिवसाचे, यावरून पदार्थाला स्वतंत्र नाव देण्याइतके महत्त्व आपल्या पूर्वजांना ताजेपणाचे वाटत होते.

चरकांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात गोरसवर्गात नवनीताचा विचार केला आहे. नुकतेच काढलेले लोणी संग्राही, दीपन व हृद्य असून ग्रहणी, अर्श, अर्दित व अरुची यांत उपयुक्त होय, असा त्याचा आशय. येथे 'नुकतेच काढलेले' हे विशेषण गुणांबरोबरच आले आहे, हे ध्यानात घ्यावे. ते विशेषण गळले की त्या गुणांची हमी उरत नाही.

सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात तीन अवस्था वेगळ्या केल्या आहेत. ताजे लोणी लघु, शीत, मधुर व किंचित कषायाम्ल, तसेच मेध्य व दीपन. काही काळ उलटलेले लोणी गुरू, कफ व मेद वाढविणारे, परंतु बृंहण व बल्य. तिसरे दुधापासून थेट काढलेले. ते अतिशीत, अतिस्निग्ध, चक्षुष्य व रक्तपित्तहर. वाग्भटांनीही हा क्षीरोत्थ भेद स्वतंत्रपणे नोंदविला आहे. दह्यापासूनचे व दुधापासूनचे लोणी ही दोन वेगळी द्रव्ये आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी त्यात योनिभेदाची भर घातली. गाईचे लोणी वर्ण, बल व अग्नी यांस हितकर आणि बाल व वृद्धांस विशेष उपकारक. म्हशीचे लोणी गुरू, वातकफकर, परंतु दाह, पित्त व श्रम हरण करणारे आणि मेद व शुक्र वाढविणारे. जुने झालेले लोणी क्षारयुक्त, कटु व अम्ल होऊन छर्दी, अर्श व कुष्ठ उत्पन्न करते, असा स्पष्ट इशाराही त्यांनी दिला आहे.

येथे एक शंका उपस्थित होते. सुश्रुत जुन्या लोण्यास बृंहण म्हणतात, भावमिश्र तेच रोगकर ठरवितात. आमच्या मते हा विरोध वरवरचा आहे. सुश्रुतांना अभिप्रेत असलेले लोणी थोडे जुने, पण न बिघडलेले असावे. भावमिश्रांनी वर्णिलेले लोणी रस पालटलेले आहे. म्हणून दिवस मोजण्याबरोबरच वास व चव पाहणे आवश्यक ठरते. आधुनिक भाषेत सांगावयाचे तर स्नेहाचे विघटन होऊन ब्युटिरिक आम्ल सुटू लागले की लोण्याला खवट वास येतो. अर्शावर दिलेले ताजे लोणी औषध, आणि तेच बिघडले की अर्शाचे कारण. एकाच द्रव्याची ही दोन टोके व्यवस्थापत्र लिहिताना विसरून चालणार नाही.

आज मिळणारे लोण्याचे प्रकार

१. गाईच्या दह्याचे ताजे लोणी. रंग फिकट पिवळा. हा रंग दुधातील कॅरोटीनचा असतो. मऊ, तोंडात लगेच विरघळणारे, शेवटी ताकाची किंचित आंबट-तुरट चव. सुश्रुतोक्त रसवर्णन जिभेवर पडताळून पाहता येते ते याच लोण्यात.

२. म्हशीच्या दह्याचे लोणी. म्हैस कॅरोटीनचे अ जीवनसत्त्वात रूपांतर करते, म्हणून तिचे लोणी पांढरे शुभ्र असते. दुधात स्निग्धांश साधारण सात टक्के, म्हणजे गाईच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे उतारा चांगला. हे लोणी घट्ट असते व उशिरा विरघळते. गुरुत्वाचा अनुभव पोटालाही येतो.

३. साठविलेल्या सायीचे लोणी. शहरी व निमशहरी घरांत हेच प्रचलित आहे. आठ-दहा दिवसांची साय शीतकपाटात जमवून, मग विरजण लावून घुसळावयाची. तूप कढविण्यास हे ठीक. परंतु आज काढलेल्या या लोण्यात दहा दिवसांपूर्वीची सायही असते. त्यास नवनीत म्हणणे शब्दाला धरून नाही. रुग्ण 'घरचे, ताजे लोणी' म्हणतो तेव्हा बहुधा हेच असते, म्हणून अधिक विचारणा करावी.

४. डेअरीचे बिनमिठाचे लोणी. यंत्राने दुधातून मलई वेगळी करून ती घुसळतात. मलई विरजलेली नसेल तर हे उत्पत्तीने क्षीरोत्थ नवनीत होय. तथापि शीतगृहातील साठवणीमुळे त्यास 'सद्यस्क' म्हणता येत नाही.

५. वेष्टनातील पिवळे खारे लोणी. शासकीय मानकाप्रमाणे यात किमान ८० टक्के दुग्धस्नेह असावा लागतो, आणि पाणी १६ व मीठ ३ टक्क्यांपर्यंत चालते. रंगासाठी शेंदरीच्या बियांपासूनचा अनाटो वापरण्याची मुभा आहे. आहारपदार्थ म्हणून निरोगी माणसाने अल्प प्रमाणात खाण्यास आमचा आक्षेप नाही. अनुपान म्हणून मात्र ते संहितोक्त नवनीत नव्हे.

६. लोण्यासारखे दिसणारे पदार्थ. मार्गारीन व फॅट स्प्रेड ही बहुधा वनस्पती तेलांपासून केलेली असतात. स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु ते लोणीच नसल्याने औषधाच्या विचारात त्याला स्थान नाही. रुग्णास वेष्टन घेऊन यावयास सांगावे व स्वतः वाचावे.

बकरीच्या लोण्याबद्दलही विचारणा होते, कारण आमच्या भागात गाय नसली तरी दारात बकरी असते. बकरीच्या दुधातील स्नेहकण फार बारीक असल्याने त्यावर साय नीट येत नाही व लोणी थोडे निघते. त्या घरी दूधच द्यावे, लोण्याचा आग्रह धरू नये.

आमची निवड

केवळ रसनेला विचारले तर बाजरीच्या गरम भाकरीवर म्हशीच्या पांढऱ्या लोण्याचा गोळा, हे आमचे उत्तर येईल. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चिकित्सेत निवड जिभेची नसून अग्नीची असते. अनुपानासाठी गाईच्या दह्याचे, त्याच दिवशी काढलेले, बिनमिठाचे लोणी हीच आमची निवड आहे. कारणे तीन. प्रथम, अर्श, ग्रहणी व अरुची या तिन्ही ठिकाणी अग्नी मंद असतो, व लघु आणि दीपन हे गुण याच लोण्यात एकत्र सांगितले आहेत. दुसरे, त्याची परीक्षा रुग्णास घरी वास व चवीने करता येते. तिसरे, त्याबरोबर निघणारे ताक हे अर्शात स्वतंत्र पथ्य आहे.

या निवडीला अपवाद आहेत. नेत्रविकार व रक्तपित्तात क्षीरोत्थ नवनीताचा विचार करावा. दिवसभर उन्हात राबणाऱ्या, उत्तम अग्नी असलेल्या माणसास माहिष नवनीत मानवते. स्थौल्य, हृद्रोग व वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णांत कोणतेही लोणी विचारपूर्वकच द्यावे. लोण्यातील स्नेहाचा निम्म्याहून अधिक भाग संपृक्त असतो. तीव्र कुपोषित बालकास लोण्यावर ठेवून वेळ दवडू नये. त्यास पोषण पुनर्वसन केंद्रात पाठविणे हाच वैद्यधर्म होय.

घरी गाय नसलेल्यांसाठी

उत्कृष्ट द्रव्य सांगून मोकळे होणे सोपे. ते मजुराच्या घरी पोहोचणे कठीण. यासाठी आम्ही पुढील पद्धत सांगतो. गाईचे अर्धा लिटर दूध सायंकाळी घ्यावे व उकळावे. कच्चे दूध विरजू नये, कारण त्यातून ब्रुसेल्लासारखे जंतू येऊ शकतात. कोमट झाल्यावर साय न काढता विरजण लावावे. पहाटे ते दही रुंद तोंडाच्या बरणीत घालून, थोडे पाणी मिसळून, झाकण घट्ट लावून हलवावे. उन्हाळ्यात माठाचे थंड पाणी व हिवाळ्यात किंचित कोमट पाणी घ्यावे. बहुधा पंधरा-वीस मिनिटांत लोण्याचे कण वर येतात. ते गोळा करून थंड पाण्याने दोनदा धुवावे.

गाईच्या दुधात स्निग्धांश ४ टक्के धरला तर अर्ध्या लिटरात सुमारे २० ग्रॅम स्नेह असतो. थोडा ताकात राहिला तरी पंधरा ग्रॅमच्या आसपास लोणी हाती येते. दिवसभराच्या अनुपानास एवढे पुरेसे आहे. रवी नको, डेरा नको, शीतकपाटही नको. आणि ताक घरातील सर्वांच्या जेवणात येते.

विकतच्या सुट्या लोण्यात पिष्टमय भेसळीचा संशय असल्यास थोड्या लोण्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर भेसळ समजावी.

उपसंहार

वर उल्लेखिलेल्या रुग्णाने खारे लोणी थांबविले, शेजाऱ्यांकडून गाईचे दूध लावले व बरणीतील लोणी सुरू केले. दोन आठवड्यांत रक्तस्राव थांबला. त्याच काळात त्यांनी तिखट कमी केले होते व रोज ताकही घेत होते, त्यामुळे सर्व श्रेय लोण्यास देणे योग्य होणार नाही. एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु औषध तेच राहिले व अनुपान बदलले, एवढे निश्चित.

तेव्हापासून आमच्या व्यवस्थापत्रावर 'लोण्याबरोबर' एवढेच लिहिलेले नसते. 'गाईच्या दह्याचे, आजचे, बिनमिठाचे' असे चार शब्द अधिक असतात. आणि पुढील भेटीत लोणी कोठून आणले, हा प्रश्न औषध घेतले का या प्रश्नाच्या आधी विचारला जातो. वैद्यबंधु-भगिनींनी आपापल्या रुग्णांना हा प्रश्न एकदा विचारून पाहावा, एवढीच विनंती.