तांब्याची वाट आणि कांचेची वाट

आमच्या वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी एके दिवशीं दोन लहान धातूचीं मॉड्यूलें घेऊन आम्हांकडे आला. त्याचे वडील संगणकांचीं जाळीं जोडून देण्याचा लहानसा व्यवसाय करितात. तो म्हणाला, "सर, हीं दोन्हीं बिघडलेलीं दिसतात. बाबांनीं तिसरें आणण्यासाठीं पैसे काढून ठेविले आहेत. परंतु यंत्राचा वेग दहा गिगाबिट, यांचाहि तितकाच. खाचेंतहि तीं नीट बसतात. मग जोडणीचा दिवा कां लागत नाहीं?" हा प्रश्न इतरांसहि उपयोगी पडेल असा असल्यामुळें त्याचें उत्तर येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोठ्या स्विचची पेटी उघडली असतां आंत कपाटांतील पुस्तकांप्रमाणें कार्डें उभीं बसविलेलीं दिसतात. त्यांच्या मागें छापील सर्किटाची एक रुंद फळी असते. तिलाच बॅकप्लेन म्हणतात. कार्डांचें परस्परांशीं बोलणें या फळीवरील तांब्याच्या बारीक रेषांतून चालतें. अशा फळीवर सेकंदास १० गिगाबिट वेगानें इथरनेट चालविण्याचे नियम आयईईई या संस्थेनें २००७ सालीं ठरविले. त्यांपैकीं ज्या प्रकारांत प्रत्येक दिशेस रेषांची एकच जोडी लागते, त्यास १० जीबेस-केआर असें नांव आहे. त्याचा पल्ला सुमारें १ मीटर धरिला आहे.

एक मीटर म्हणजे तें काय मोठें, असें बालवाचकांस वाटेल. परंतु येथें दर ६४ बिटांमागें २ बिट जादा जोडून पाठवावे लागतात. त्यामुळें तारेवरील खरा वेग सेकंदास १०.३१२५ अब्ज बिट होतो, व एका बिटाच्या वांट्यास सुमारें ९७ पिकोसेकंद येतात. एवढ्या अवधींत शून्यांतून जाणारा प्रकाशहि ३ सेंटिमीटरांपेक्षां कमी अंतर कापतो! इतक्या जलद बदलणारा संकेत तांब्यांत व फळीच्या द्रव्यांत क्षीण होतो, आणि एका बिटाची शेपटी पुढच्या बिटांत मिसळते. रिकाम्या मोठ्या दिवाणखान्यांत कोणी घाईनें बोलूं लागला म्हणजे प्रतिध्वनीमुळें शब्द शब्दांत मिसळतात, तसाच हा प्रकार होय.

यावर तोड अशी काढिली आहे. आरंभीं दोन्हीं टोकें एकमेकांस आपली ओळख देतात. मग ठराविक नमुना पाठवून सराव करितात. ऐकणारें टोक बोलणाऱ्यास कळवितें कीं, संकेताचा अमुक भाग वाढीव, अमुक कमी कर. हा सराव अर्ध्या सेकंदाच्या आंत पुरा व्हावा लागतो. न झाल्यास सर्व पुन्हा पहिल्यापासून सुरू होतें.

आतां प्रकाशाच्या बाजूकडे वळूं. एसएफपी प्लस नांवाचें मॉड्यूल बोटाएवढें असून त्यास २० संपर्कपट्ट्या असतात. आंत प्रकाश पाठविणारा लेसर व प्रकाश ओळखणारा ग्राहक असतो. ८५० नॅनोमीटर लहरींचा प्रकाश ओएम-३ जातीच्या तंतूंतून ३०० मीटर, व १३१० नॅनोमीटरचा एकमार्गी तंतूंतून १० किलोमीटर जाण्याचा नियम आहे. परंतु या मॉड्यूलास वर सांगितलेला सराव ठाऊक नाहीं. विजेचा संकेत येईल त्याचा प्रकाश करावयाचा, एवढेंच त्याचें काम. चिप विचारीत राहते, उत्तर येत नाहीं, व दोन्हीं निर्दोष असूनहि जोडणी मुकी राहते.

उपाय दोन आहेत. चिप व खाच जवळजवळ असतील, आणि चिपेस तशी सोय असेल, तर ओळख व सराव हे दोन्हीं बंद करून तिचें द्वार मॉड्यूलास योग्य अशा रीतीवर लावावें. परंतु संकेत लांब बॅकप्लेनवरून येत असेल, तर मॉड्यूलाजवळ एक मधली चिप बसवावी लागते. ती दुभाष्याचें काम करिते : तांब्याच्या बाजूस सराव पुरा करिते, मळलेल्या संकेतांतून कालमान शोधून काढिते, व स्वच्छ संकेत पुन्हा रचून मॉड्यूलास देते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मॉड्यूलाची एक पट्टी लेसर बंद ठेवण्यासाठींच असते. यंत्रानें ती खालच्या विद्युद्दाबावर आणिल्याखेरीज लेसर पेटतच नाहीं. मात्र तो पेटला आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तंतूच्या तोंडास डोळा कधींहि लावूं नये. हा प्रकाश बहुधा दिसत नाहीं, तरी डोळ्यास अपाय करूं शकतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्रांत चिप व खाच जवळच होत्या. मात्र द्वाराची मांडणी बॅकप्लेनसाठीं केलेली तशीच राहिली होती. ती बदलतांच दिवा लागला, दोन्हीं मॉड्यूलें निर्दोष ठरलीं, व वडिलांचे पैसे वांचले. वेग सारखा आहे व वस्तु खाचेंत बसते, एवढ्यावरून संवाद जुळेलच असें समजूं नये. एक काय विचारतो व दुसरा त्यास उत्तर देऊं शकतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. वस्तु टाकून देण्याचा विचार त्यानंतर करावा.