विलायतेत पदवीनंतरची नोकरी : आधी परवाना पाहा

दुकानाचे भांडवल मोडून मुलाला ब्रिटनमध्ये शिकवणाऱ्या व्यापारी बांधवांना आम्ही सांगू, पदवीनंतरची मुदत आधी मोजा. ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत अर्ज केल्यास बी.ए., एम.एस्सी. झालेल्याला ‘ग्रॅज्युएट’ व्हिसा दोन वर्षांचा. त्यानंतर १८ महिन्यांचाच. अर्ज तिथूनच, विद्यार्थी व्हिसा संपण्याआधी करायचा. मुदत वाढत नाही. या काळात जवळपास कोणतेही काम, स्वतःचा धंदाही चालतो, आणि इथेच मुले फसतात. हाती पैसा येतो, महिने सरतात. पुढे नोकरीवर राहायचे तर परदेशी माणूस ठेवण्याचा सरकारी परवाना असलेला मालक लागतो. अशा मालकांची यादी ब्रिटिश सरकार प्रसिद्ध करते. अर्जाआधी तीत नाव शोधावे. नाव सापडले तरी हुद्दा आणि पगार नियमात बसतात का, हे विचारायला मुलाने लाजू नये.