भार ओढणारा जुना ट्रॅक्टर : इंजिन तापणे व इंधनदोष यांचे निदान

उत्तर प्रदेशापासून महाराष्ट्र-कर्नाटकापर्यंत गाळप हंगामात ऊस कारखान्यावर पोहोचविण्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मोठा वाटा असतो. यांतील अनेक ट्रॅक्टर जुने असतात. रिकामे असताना सुरळीत चालणारे इंजिन भरलेली ट्रॉली ओढताना चढावर तापते किंवा त्याची ओढ कमी होते. या दोन दोषांची कारणे भिन्न असल्याने आधी निदान व नंतर दुरुस्ती हा क्रम आवश्यक ठरतो.

शीतकरणातील दोष
डिझेल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी स्थूलमानाने एक-तृतीयांश ऊर्जा प्रत्यक्ष कामी येते. उरलेली मुख्यतः धुरावाटे व शीतकरणाच्या पाण्यावाटे बाहेर पडते. भार वाढला की उष्णताही वाढते. म्हणून केवळ भाराखालीच इंजिन तापत असेल, तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचोळा, आत साचलेले क्षार व सैल फॅन बेल्ट प्रथम तपासावेत. रिकाम्या अवस्थेतही तापत असेल, तर पाण्याची पातळी, थर्मोस्टॅट व वॉटर पंप पाहावेत. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे किंवा ऑइल दुधाळ होणे ही हेड गॅस्केट निकामी झाल्याची लक्षणे असू शकतात. दाबाखालील पाणी 100 अंश सेल्सिअसच्या वरही उकळत नाही. मात्र झाकण काढताच ते उसळते. त्यामुळे गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

इंधन व हवेतील दोष
येथे धुराचा रंग मार्गदर्शक ठरतो. ओढ कमी होऊन काळा धूर येत असल्यास हवा अपुरी आहे, नोझल सदोष आहे किंवा भार जास्त आहे. काळा धूर न येता ओढ कमी झाल्यास इंधन अपुरे पडत असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी टाकीतील गाळ, डिझेल फिल्टर व नळीत शिरलेली हवा तपासावी.

चालकाची भूमिका
वरच्या गिअरमध्ये इंजिन दबत असल्यास फॅन व वॉटर पंपाचा वेग घटतो आणि उष्णता साचते. चढापूर्वीच खालचा गिअर घेणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

समारोप
चुकीच्या निदानामुळे सुटे भाग व्यर्थ बदलले जातात. तापलेले इंजिन तसेच रेटल्यास ऐन हंगामात संपूर्ण इंजिन खोलावे लागते. म्हणूनच यांत्रिकीकरणात यंत्राइतकेच प्रशिक्षणालाही महत्त्व आहे. बुदनी (मध्य प्रदेश), हिस्सार (हरियाणा), गार्लदिन्ने (आंध्र प्रदेश) व विश्वनाथ चारिआली (आसाम) येथील केंद्र शासनाच्या कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थांचे कार्य या दृष्टीने अभ्यासावे.