वेंगुर्ल्याचे खडक आणि पाकोळ्यांची गुहा

वेंगुर्ले बंदरातून वायव्येकडे पाहिले असता क्षितिजावर काळसर ठिपक्यांची एक ओळ दिसते. नकाशावर ‘वेंगुर्ला रॉक्स’ असा उल्लेख असलेला हा लहानमोठ्या खडकाळ बेटांचा समूह किनाऱ्यापासून सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर आहे. त्यांपैकी मोजकीच बेटे नजरेत भरण्याजोगी असून बाकीचे खडक लाटांच्या फेसातच दडलेले असतात. पोर्तुगीज दर्यावर्दी यांना ‘जळकी बेटे’ म्हणत. इंग्रजांनी त्याच नावाचे ‘बर्न्ट आयलंड’ असे भाषांतर केले आणि तेच पुढे रूढ झाले.

गोव्याहून उत्तरेस निघालेल्या गलबतांच्या वाटेवरच हे खडक उभे होते. त्यामुळे खलाश्यांना ते खुणेचेही वाटत आणि भयाचेही. १६३७ मध्ये आदिलशाहीच्या परवानगीने डचांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच आरमाराला येथून रसद मिळे. त्या वखारीचे भग्नावशेष आजही शहरात पाहावयास मिळतात. १८१२ मध्ये वेंगुर्ले सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे आगबोटींची ये-जा वाढली आणि या खडकांवर दीपगृह उभे राहिले. माणसाने तेथे केलेली कायमची वस्ती ती एवढीच. एरवी हे राज्य पाखरांचे आहे.

या पाखरांत सर्वांत महत्त्वाची ती भारतीय पाकोळी. शेपटीसह जेमतेम बारा सेंटिमीटर लांबीचा, तपकिरी रंगाचा हा पक्षी पश्चिम घाट व त्यालगतची बेटे आणि श्रीलंका एवढ्याच प्रदेशात आढळतो. त्याचे पाय इतके आखूड असतात की त्याला फांदीवर बसता येत नाही. खडकाला नख्या रोवून लटकणे तेवढे जमते. दिवसभर तो हवेतच कीटक टिपतो आणि सांजवेळी गुहेत परततो. मिट्ट काळोखात वाट कशी सापडते? उडताना तो ‘टिक टिक’ असा आवाज काढतो आणि भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीच्या आधारे मार्ग काढतो. वटवाघळाचा असा ध्वनी माणसाच्या कानाला बहुधा ऐकू येत नाही. पाकोळीचा मात्र स्पष्ट ऐकू येतो.

विणीच्या काळात या पक्ष्याच्या लाळग्रंथी फुगतात. त्यांतून येणारा चिकट स्राव थरावर थर देऊन तो उभ्या कातळावर चिकटवतो. वाळल्यावर त्याची अर्ध्या वाटीसारखी घरटी बनतात. त्यात दोन पांढरी अंडी घातली जातात. पाकोळीच्या कुळातील पक्ष्यांची अशी घरटी चिनी खाद्यपरंपरेत मोठे पक्वान्न मानली जातात. या पक्ष्यावरील अरिष्टाचे मूळ नेमके त्याच्या या कारागिरीतच आहे. घरटे ओरबाडले की जोडी पुन्हा बांधू लागते. परंतु दुसऱ्या खेपेस लाळ कमी पडते, गवत-पिसांची भर घालावी लागते आणि पक्षी शक्तिहीन होतो. घरट्यात अंडी वा पिल्ले असतील तर त्यांचा नाश ठरलेलाच.

ही लूट नवी नाही. ब्रिटिश अमदानीत तर घरटी काढण्याचा मक्ताच दिला जात असे. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत अग्रभागी असलेले ए. ओ. ह्यूम हे मोठे पक्षितज्ज्ञ होते. १८७५ मध्ये लक्षद्वीपच्या सफरीत ते या खडकांवर आले. त्या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी १८७६ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या गुहेकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. चोरट्यांचे मात्र होते! २००१ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते तेथे पोचले, तेव्हा गुहेच्या छतापर्यंत चढण्यासाठी बांधलेल्या बांबूच्या पराती त्यांना दिसल्या. हा व्यापार किती पद्धतशीर होता, याचा तो बोलका पुरावा होय. त्यानंतर वनखात्याच्या साहाय्याने संरक्षणाचे काम सुरू झाले आणि या पाकोळीला वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान देण्यात आले.

बेटाच्या माथ्यावर ब्राइडल्ड टर्न या जातीचे सुरय पक्षीही वीण करतात. त्यांचा हंगाम पावसाळ्यातील. त्या वेळी दर्या खवळलेला असतो, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसाची चाहूलही तेथे लागत नाही. पाकोळीला हे भाग्य लाभलेले नाही. तिची वीण शिशिराच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे समुद्र शांत असून कोणत्याही होडीला खडकापर्यंत जाता येईल अशा काळात होते. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याची हद्द सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसराची आहे. ती या खडकांपर्यंत पोचत नाही. साहजिकच येथील पाकोळ्यांची सुरक्षितता त्या चार-पाच महिन्यांत गुहेच्या तोंडाशी कोण पहारा देतो, यावरच अवलंबून राहते.